मागच्या बाकावरून

या प्रवासाला निघताना एक निरीक्षण वही सोबत घ्या. जाड पुठ्ठ्याची, पानांवर उभे रकाने आखलेली: दिनांक, इयत्ता, विषय, घटक, आणि उजवीकडे एक रुंद रकाना, 'अभिप्राय'. बी.एड. किंवा डी.एड. झालेल्या बहुतेकांच्या माळ्यावर अशी एखादी वही पडलेली असते. दुसऱ्याचा पाठ पाहताना तिच्यात लिहायचं. आपला पाठ चालू असतो तेव्हा मागच्या बाकावर बसलेलं कुणीतरी आपल्याबद्दल लिहीत असतं.

तुम्ही दरवेळी शिक्षक होऊ घातलेले असाल. कधी मुलगी, कधी मुलगा. वय अठराच्या पुढचं, बाविशीच्या आसपासचं. शिक्षकांबद्दल आपल्याकडे भरभरून लिहिलं जातं, 5 सप्टेंबरला तर विशेषच. त्यांना शिकवायला कुणी शिकवलं, त्यांचा पहिला पाठ कसा फसला, तेव्हा मागे कोण बसलं होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. उपजत शिक्षक असतो असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलेलं नाही. वर्गासमोर उभं राहायला कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. ते शिकण्याचे दिवस कसे होते, तेवढंच पाहायला आपण निघालो आहोत.

पहिला मुक्काम नगर. आज अहिल्यानगर, तेव्हाचं अहमदनगर. काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. अमेरिकन मराठी मिशनच्या आवारात तुम्ही मांडी घालून बसल्या आहात. अंगावर नऊवारी, पुढ्यात पाटी. शिकवणाऱ्या बाईंचं नाव सिंथिया फरार. लग्न न केलेली ही बाई 1827 साली अमेरिकेहून हिंदुस्थानात आली आणि मुलींच्या शाळांतच आयुष्य घालवून बसली. बाई शिकली तर नवरा दगावतो, असं मिशनच्या भिंतीबाहेर लोक मनापासून मानतात. तुमच्या शेजारी पुण्याहून आलेल्या, विशीच्या आतबाहेरच्या सावित्रीबाई फुले आहेत. घरी जोतीरावांनी त्यांना शिकवलं, पुढे सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी. त्याखेरीज नगरची ही संस्था आणि पुण्याची नॉर्मल स्कूल, अशा दोन ठिकाणी त्यांनी शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलं.

अंगावर फेकलेलं शेण आणि बरोबर नेलेलं जादा लुगडं ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या, हे मात्र भाषणांतून गळून जातं. मला ही दुसरी गोष्टही पहिलीइतकीच मोठी वाटते. धैर्य त्यांच्याकडे होतंच. पण समोर बसलेल्या मुलीच्या बोटात पेन्सिल कशी द्यायची, अक्षर कसं ओळखायला लावायचं, हेसुद्धा शिकून घ्यायचं असतं, असं त्या काळात, त्या वयात त्यांना आणि जोतीरावांना वाटलं, याचं आश्चर्य अजून ओसरत नाही.

नगरहून पुण्याला याल ते थेट 1882 च्या ऑक्टोबरात. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे द्यायचं जोतीराव फुल्यांचं निवेदन तयार आहे, खाली तारीख 19 ऑक्टोबर. त्यातला प्राथमिक शिक्षकांचा भाग शिक्षक होऊ पाहणाऱ्यानं स्वतः वाचावा. फुले म्हणतात, प्राथमिक शाळेतला मास्तर प्रशिक्षित असावा आणि शक्यतो शेतकरी समाजातून आलेला असावा, म्हणजे तो गावकऱ्यांत मिसळेल, त्यांच्या गरजा त्याला कळतील. वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला कमीपणा वाटू नये. त्याला पगार 12 रुपयांपेक्षा कमी नसावा. मोठ्या गावी 15 ते 20 असावा. शिक्षक कुठून यावा, त्याला काय यावं, त्याच्या हातात किती पडावं, हे तिन्ही प्रश्न या माणसानं एकत्र मांडले. पुढे आपण ते वेगवेगळ्या खात्यांच्या फायलींत वाटून टाकले.

फुल्यांना हवा होता तसा मास्तर घडवणारं कॉलेज पाहायला आणखी अर्धं शतक ओलांडून साताऱ्यात उतरावं लागतं.

1935. तुम्ही माण तालुक्यातल्या एका दुष्काळी गावचा मुलगा. व्हर्नाक्युलर फायनल पास, म्हणजे घराण्यात सर्वांत जास्त शिकलेले. भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली ती साताऱ्यात आणली. सगळ्या जातींची पोरं एकाच पंगतीत जेवतात असं त्यांचं वसतिगृह. 1927 साली गांधीजी तिथं येऊन गेले आणि त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. वसतिगृहातून पोरं शिकून बाहेर पडतात, पण गावोगाव शाळाच नाहीत, आणि शाळा काढायची तर मास्तर नाहीत. म्हणून या वर्षी हे कॉलेज निघालंय: सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाला 25 वर्षं झाली म्हणून नाव तसं. तुम्हाला त्यातला 'रूरल' शब्द जास्त जवळचा.

दिवस अंगमेहनतीनं सुरू होतो. खोरं, टिकाव, झाडू; मग आंघोळ, मग वर्ग. वर्गात हर्बर्ट नावाच्या जर्मन पंडिताच्या नावानं चालणारी पंचपदी शिकवली जाते. पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. तुम्ही ती पाढ्यासारखी म्हणून दाखवू शकता. आणि मग तुमच्या पाठाचा दिवस येतो. इयत्ता चौथी, विषय 'विहिरीवरील मोट'.

तुम्ही टाचण छातीशी धरून उभे. पुस्तकातली वाक्यं एकामागून एक बाहेर पडतात: मोट ही चर्माची असते, तिच्या योगे जल वर काढिले जाते. पहिल्या रांगेतलं पोरगं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलतं आणि दोघं खुदकन हसतात. नाडा कुठं बांधतात आणि सोंदूर कुठं, हे तुम्ही फळ्यावर उलट काढलंय. तुम्हाला ते माहीत नाही असं नाही. दहाव्या वर्षापासून तुम्ही धावेवर बैल मागे-पुढे केलेत, थारोळ्यात भदाभदा पडणाऱ्या पाण्याखाली डोकं धरलंय. पण शाळेत बोलायचं ते पुस्तकातलं, अशी कुणीतरी समजूत करून दिली, आणि तुम्ही स्वतःच्या बापाची मोट विसरलात.

मागच्या बाकावरचे मास्तर तास संपल्यावर तुम्हाला बाहेर कडुनिंबाखाली बोलावतात.

"तुझ्या घरी मोट आहे ना रे?"

"आहे."

"मग ती कुठं ठेवून आलास?"

एवढंच. दुसऱ्या दिवशी तोच पाठ पुन्हा घ्यायला लावतात. या खेपेस तुम्ही त्या हसणाऱ्या पोरालाच फळ्यापाशी उभं करता आणि त्याच्याकडून चित्र काढून घेता. तो सोंदूर सैल सोडल्याचा आवाजसुद्धा तोंडानं करून दाखवतो. पंचपदीतली 'तुलना' कुठं आली आणि 'सामान्यीकरण' कुठं, हे तुम्हाला त्या तासाला कळत नाही. पण वर्गातलं प्रत्येक पोर बोललेलं असतं.

इथून निघालेले मास्तर पुढच्या काही वर्षांत शाळा नसलेल्या खेड्यांत जातील. रयतनं काढलेल्या व्हॉलंटरी शाळा शेकड्यांनी मोजाव्या लागतील. देवळात नाहीतर कुणाच्या पडवीत भरणाऱ्या शाळेत एकटा माणूस चार इयत्ता सांभाळील. फुल्यांनी 1882 साली कागदावर उभा केलेला मास्तर मला या मुलांत दिसतो.

आता कोकणच्या उत्तर टोकाला चला. या मुक्कामावर मी तुम्हाला जरा जास्त थांबवणार आहे, कारण शिक्षक कसा घडतो याचं याहून शिकवून जाणारं ठिकाण मला महाराष्ट्रात दुसरं माहीत नाही.

1946 चा पावसाळा नुकताच सरलाय. तुम्ही दादरला राहणाऱ्या, बालशिक्षणाचा वर्ग केलेल्या तरुण बाई. घोलवड स्टेशनवर उतरून, चिकूच्या वाड्यांमधून बोर्डीला आलात. ताराबाई मोडकांनी इथं गेल्याच वर्षी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. ताराबाई पन्नाशी ओलांडलेल्या. तरुणपणी राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ती मानाची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालमंदिरात कामाला गेल्या. गिजुभाईंबरोबर 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला, 1936 साली दादरला शिशुविहार, आणि आता हे खेडं. शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजची प्राचार्य लहान मुलांच्या घोळक्यात येऊन पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसते, ही गोष्ट तुम्हाला दादरमध्ये कुणी सांगितली नव्हती. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ. वय 36. बालपणीच विधवा झालेल्या, शिकलेल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवून आलेल्या. त्याही इथं नव्यानं शिकत आहेत.

बालवाडी मांडलेली आहे. सतरंज्या आहेत, खेळणी आहेत, मुलं नाहीत. आदिवासी पाड्यांवरची मुलं सकाळी शेळ्यांमागे जातात, लाकडं आणतात, धाकटी भावंडं सांभाळतात. पहिले काही दिवस तुम्ही बोलावणी करत फिरता. दोन येतात, दुसऱ्या दिवशी एक येतं, तिसऱ्या दिवशी कुणीच नाही. मग ताराबाईंचा विचार तुमच्यापर्यंत पोचतो: मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाच्या अंगणात जायचं. मध्यवर्ती बालवाडी चालू राहील, आणि तिच्या जोडीला पाड्यापाड्यावर अंगणवाडी. आज देशभर गावोगावी ज्या नावाची पाटी दिसते, ते नाव इथलं. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली तेव्हा तिनं हेच नाव उचललं.

सकाळी तुम्ही पिशवी भरता. साबण, कंगवा, खोबरेलाची बाटली, नखं काढायची कात्री. त्याच्या खाली खेळणी. मादाम माँटेसरी 1939 साली हिंदुस्थानात आल्या, त्यांची साधनं तुम्ही शिशुविहारात हाताळलीत: पॉलिश केलेल्या लाकडी दांड्या, दट्ट्या, रंगीत पट्ट्या. सुंदर आणि महाग. इथल्या पिशवीत बोर्डीच्या किनाऱ्यावर वेचलेले शिंपले आहेत, चिंचोके, सागरगोटे, वेगवेगळ्या झाडांची पानं. लहान-मोठं, गुळगुळीत-खरबरीत, कमी-जास्त हे सगळं त्यांतून शिकवता येतं. सकाळचा पहिला तास हात-पाय-तोंड धुण्यात आणि केस विंचरण्यात जातो. तुमच्या मनात एक कुरकुर असते की आपण शिकवायला आलो होतो. अनुताई शेजारीच एका पोराची नखं काढत बसलेल्या असतात, म्हणून ती ओठांवर येत नाही.

अंगणाच्या कडेला एक मुलगी रोज उभी असते. सातेक वर्षांची, कडेवर तान्हा भाऊ. तुम्ही नाव विचारता, ती बोलत नाही. शिंपला पुढे करता, घेत नाही. संध्याकाळी केंद्रावर आल्यावर दिवसभराचं निरीक्षण लिहायचं असतं. तुम्ही कंदिलाच्या उजेडात लिहिता: 'मुलगी मंद वाटते. प्रतिसाद नाही.'

तुमच्याआधी आलेल्या एक ताई वही वाचतात.

"मंद, हे तू पाहिलंस का ठरवलंस?"

"म्हणजे?"

"तिनं काय केलं ते लिही. तुला काय वाटलं ते नंतर."

तुम्ही रागावता. शिशुविहारात सगळ्यांत चांगले गुण तुम्हाला होते. पण दुसऱ्या दिवशी अंगणात मुलांकडे पाठ न करता बसता आणि मधूनमधून नुसतं पाहता. तिनं काय केलं? भावाला कडेवरून उतरवून झावळीच्या सावलीत निजवलं. सावली सरकली तशी झावळी सरकवली, दोनदा. तुम्ही दुसऱ्या मुलांत गुंतलात असं वाटल्यावर चिंचोक्यांच्या टोपलीपाशी आली. मूठभर उचलले. पाच-पाचाच्या ढिगाऱ्या लावल्या, शेवटी तीन उरले ते वेगळे ठेवले. भाऊ चुळबुळला तसे सगळे चिंचोके टोपलीत परत टाकून ती त्याच्याकडे गेली. एकूण वेळ, अंदाजे दहा मिनिटं.

हे सगळं वहीत उतरवायला तुम्हाला अडीच पानं लागतात. 'मंद' हा शब्द तुम्ही आदल्या दिवशीच्या पानावर तसाच राहू देता, खोडत नाही. आणि पुढच्या सकाळी टोपली अंगणाच्या मधोमध न ठेवता झावळीच्या सावलीला, तान्ह्या भावाच्या उशाशी ठेवता.

बालमानसशास्त्राच्या जाड पुस्तकात जे असतं ते ताराबाईंना पाठ होतंच. शिकवण्याआधी पाहायचं असतं, हे त्यांनी आणि अनुताईंनी त्या पुस्तकांना जमिनीवर बसवून दाखवलं. पुढे 1957 च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आली, म्हणजे भावाला सांभाळणारी मुलगी त्याला पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकेल. शाळेची अख्खी रचना एका मुलीच्या कडेवर काय आहे ते पाहून ठरली! गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षिका गुरांमागे कुरणात जाऊन शिकवायची. या टेकडीवर गावोगावच्या बालवाडी शिक्षिका तयार झाल्या, त्यांतल्या कितीकजणी स्वतःच कमी शिकलेल्या. अनुताईंनी पदवी घेतली ती पन्नाशीनंतर, शिक्षिका घडवण्याचं काम चालू असतानाच.

कोसबाडहून निघताना तुमचे पाय जड होतील. पुढचा मुक्काम तुलनेनं कोरडा वाटेल, तरी त्याला नावं ठेवू नका.

1986. जिल्ह्याच्या गावातलं अध्यापक महाविद्यालय. तुम्ही आता बी.एड.चे छात्राध्यापक, पद्धती मराठी आणि इतिहास. कॉलेजचा सगळ्यात भीतीदायक शब्द 'सूक्ष्म अध्यापन'. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत बसवली. तिकडे व्हिडिओ टेप होती. आपल्याकडे ती नव्हती, म्हणून भारतीय आवृत्तीत सोबतीच कॅमेऱ्याच्या जागी बसतात. एकूण 36 मिनिटांचं चक्र: 6 मिनिटं पाठ, 6 मिनिटं प्रत्याभरण, 12 मिनिटं पुन्हा आखणी, 6 मिनिटं पुन्हा पाठ, 6 मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य. सज्जता प्रवर्तन, स्पष्टीकरण, प्रबलन, चेतक बदल, फलक लेखन. आज तुमच्या चिठ्ठीत 'प्रश्न विचारणे' आलंय.

समोर तुमचेच दहा सोबती सातवीची मुलं होऊन बसलेत. त्यांतल्या एकाला मिशी आहे. पहिल्या मिनिटात तुम्हाला हसू आवरत नाही, दुसऱ्यात घाम फुटतो. शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका. तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही देऊन टाकता. "समजलं का?" म्हणता, सगळे "हो" म्हणतात. घंटा होते.

बाईंनी वहीत रेघा ओढून मोजलंय. "समजलं का, नऊ वेळा. 'नाही' म्हणायची सोय तुम्ही कुणाला ठेवली होती?" मग दुसरा आकडा: अकरा प्रश्न विचारलेत, त्यांतल्या आठांची उत्तरं स्वतः दिलीत. बाई मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेच्या कामाबद्दल सांगतात. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं तिला आढळलं. तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात. "मनात एक, दोन, तीन म्हणा. तोंड बंद ठेवा."

पुढच्या पाठात तुम्ही मोजता. ते तीन सेकंद एवढे लांब असतात की तुम्हाला खिडकीबाहेरच्या एसटीचा गिअर बदलल्याचा आवाज ऐकू येतो. आणि तिसऱ्या सेकंदाला तो मिशीवाला, जो सातवीचा मुलगा नसून सांगलीचा पदवीधर आहे, खरोखर विचार करून विचारतो, "पण पहारेकऱ्यांना पेटाऱ्यांचा संशय कसा आला नाही?"

सूक्ष्म अध्यापनावर टीका पुष्कळ झाली. शिकवणं असं तुकडे करून शिकता येत नाही, मुलांच्या जागी मोठी माणसं बसवून वर्ग कळत नाही, हे आक्षेप मला पटतात. पण मागच्या बाकावर बसून कुणीतरी इतक्या बारकाईनं आपलं बोलणं मोजावं, आणि लगेच, त्याच तासाला, सुधारून पाहायची संधी द्यावी, हे सुख नोकरी लागल्यावर बहुतेक शिक्षकांच्या वाट्याला पुन्हा येत नाही. नंतर वर्गात येतात ते साहेब; ते रजिस्टर पाहतात, शालेय पोषण आहाराची नोंद पाहतात, आणि जातात.

2000 नंतरच्या दशकात फार थांबू नका. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. केलं की जिल्हा परिषदेत चिकटता येतं, या आशेवर महाराष्ट्रभर डी.एड. महाविद्यालयं निघाली. कुणी शेत गहाण टाकून मुलीची फी भरली. काही ठिकाणी ग्रंथालयाच्या खोलीत कपाटं होती आणि पुस्तकं नव्हती. सराव पाठ झाल्याच्या सह्या होत्या आणि पाठ नव्हते. याच राज्यातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. 2012 च्या त्यांच्या अहवालानं देशाला सांगितलं की शिक्षक तयार करणाऱ्या सुमारे 90 टक्के संस्था खासगी हातात आहेत. तोवर भरती आटली होती. पदविका घेतलेली हजारो मुलं-मुली पात्रता परीक्षा देत राहिली, आजही देतात. त्यांच्यापैकी कितीतरी जण मनापासून शिक्षक व्हायला निघाले होते. त्यांना एकदाही कुणी कडुनिंबाखाली बोलावून 'मोट कुठं ठेवून आलास' असं विचारलं नाही, याचा मला संताप येतो.

वर्मा अहवालानंतर नियम बदलले. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात 20 आठवडे शाळेत घालवायचे, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी सलग 16. याला छात्रसेवाकाल म्हणतात. मुलं सरळ 'इंटर्नशिप' म्हणतात. 2023 पासून बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही निवडक संस्थांत सुरू झाला. कागदावर ही दिशा बरोबर आहे. पूर्वी ठरलेले सराव पाठ उरकले की शाळेशी संबंध संपायचा. आता छात्राध्यापकाला वर्गाची सवय होईपर्यंत, वर्गाला त्याची सवय होईपर्यंत राहता येतं. शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकाला त्यासाठी वेळ कोण देणार, हा प्रश्न मात्र दर वर्षी तसाच पुढे ढकलला जातो.

तर आता तुम्ही आजच्या तारखेत आहात. दुसरं वर्ष, इंटर्नशिपचा सातवा आठवडा, शाळेचे प्राथमिकचे वर्ग. तिसरीच्या बाई निवडणुकीच्या कामाला गेल्यात, वर्ग तुमच्याकडे. फळ्यावर उदाहरण: 42 वजा 17. मुलं पाट्या वर करतात. तिसऱ्या रांगेतल्या मुलाच्या पाटीवर 35.

तुमचा हात लाल पेनाकडे जातो आणि थांबतो.

"कसं केलंस, सांग बरं?"

तो उभा राहतो. एक, दोन, तीन.

"बाई, सातातून दोन गेले पाच. चारातून एक गेला तीन."

चूक आहे, आणि त्यामागे चोख नियम आहे: मोठ्यातून लहान घालवायचा. हा नियम त्याला पहिलीत आपणच दिला. दोनातून सात जात नाहीत हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तर त्यानं आकडे फिरवले. तुम्ही कपाटातून काड्या काढता. दहा-दहाचे चार गठ्ठे, दोन सुट्या.

"यातल्या सतरा मला दे."

तो एक गठ्ठा देतो. मग दोन सुट्या देतो. आणखी पाच हव्यात. उरलेल्या गठ्ठ्यांकडे बघतो, तुमच्याकडे बघतो. तुम्ही काही बोलत नाही. तो एका गठ्ठ्याचं रबर सोडतो, पाच काड्या मोजून देतो, आणि उरलेल्या काड्या, कुणी न सांगता, पुन्हा मोजायला बसतो. "पंचवीस," म्हणतो. मग पाटीकडे पाहून, "मग हे पस्तीस कुठनं आले?"

शेजारच्या मुलीला तुम्ही विचारता, तिनं कसं केलं. तिच्याही पाटीवर 35 आहे, पण तिनं बोटांवर उलटं मोजताना दहाचा एक टप्पा सोडलाय. म्हणजे उत्तर एकच, चूक वेगळी. तिला काड्या देऊन भागणार नाही, तिला संख्यारेषा लागेल. वर्गात आणखी सहा पाट्यांवर 35 दिसतंय. घंटेला बारा मिनिटं आहेत, आणि मागून कुणीतरी ओरडतं, "बाई, मला पण गठ्ठे!"